इफिनियाकला दोन महिने करायचं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रान्सच्या ब्रिटनी भागाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की माझी बहीण तिकडे इफिनियाक नावाच्या गावात राहते आणि मी तीनदा तिच्याकडे राहून आलेय. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचा सगळा कॉलम त्यावरच करतेय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी नोकरीनिमित्त सँ ब्रियोला गेलीय आणि घर घेतलंय ते इफिनियाकला. आम्ही दोघं मे-जूनमध्ये दोन महिने जाणार. मुलगी म्हणते आई इथे बघण्यासारखं काहीच नाही, तुम्ही पॅरिसलाच जास्त दिवस रहा. खरंच काही नाही का हो? (एक आई, सातारा)

ताई, मुलीला तसं वाटणं साहजिक आहे, ती सकाळी ऑफिसला जाते संध्याकाळी परत येते, तिला ते झोपायचं गाव वाटतं. आणि वरवर आहेच तसं. जेमतेम ५ हजार वस्ती, एक चर्च, एक मेरी म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखं ऑफिस, बेकरी, मेडिकल, पांढऱ्या भिंतींची आणि काळ्या पाटीच्या दगडाच्या छपरांची घरं, पुढे बाग मागे बाग, बाजूने मोठा हायवे जातो. सँ ब्रियो शहर सात-आठ किलोमीटरवर, मध्ये लाँगो नावाचं असंच दुसरं गाव, तिथे मोठमोठी दुकानं आणि हायवेलगतची हॉटेलं. एवढं बघून माणूस म्हणतो, बरं, मग समुद्र कुठंय?

माझंही पहिल्या वेळी हेच झालं. बहिणीने बिचारीने सुट्टी काढून आम्हाला मों सँ मिशेल दाखवलं, सँ मालो दाखवलं, रोज दीड-दोन तास गाडी, संध्याकाळी परत आल्यावर पाय दुखायचे, आणि घरापासून चालत अर्ध्या तासावर काय आहे ते मी त्या पंधरा दिवसात एकदाही बघितलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटतं. दुसऱ्या वेळी दोन महिने होते म्हणून एके दिवशी एकटीच चालत खाली गेले. ते गाव सँ ब्रियोच्या उपसागराच्या अगदी तळाशी आहे, म्हणजे कटोरीच्या बुडाशी असावं तसं. सकाळी गेले तर समोर पाणीच नव्हतं! नुसती ओली करडी वाळू, चिखल, मधून चमकणारे ओहोळ, आणि क्षितिजापर्यंत तसंच. संध्याकाळी बहिणीबरोबर परत गेले तर त्याच जागी पाणी काठाला लागलेलं. इथे ओहोटीला समुद्र ७ किलोमीटरपर्यंत मागे जातो, सात! त्या दिवसापासून माझं पॅरिस-बिरिस सगळं सुटलं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की तिथे तिकीट काढून बघायचं फार काही नाही, पण रोज बघायचं आहे. किनाऱ्याने जेआर ३४ नावाची पायवाट जाते, अख्ख्या ब्रिटनीला वळसा घालणारी, जवळपास २००० किलोमीटर. पूर्वी स्मगलिंग पकडायला कस्टमचे शिपाई जिच्यावरून गस्त घालायचे ती हीच वाट, १७९१ पासूनची. तुम्हाला काही २००० किलोमीटर जायचं नाहीये, इफिनियाकहून लाँगोच्या बाजूला तास-दीड तास चाला, वाट बरीचशी सपाट आहे कारण काही भाग जुन्या छोट्या रेल्वेच्या मार्गावरून जातो. आपली बार्शी लाइट होती ना तशीच ही, १९०५ ला सुरू झाली आणि १९५६ ला बंद पडली. तिचे पूल आरेल द ला नोए नावाच्या इंजिनिअरने बांधले, हा माणूस सँ ब्रियोचाच. वीट आणि सिमेंट काँक्रीट वापरून त्याने इतके सडपातळ आणि देखणे पूल उभे केलेत की यजमान तर तिथे उभे राहिले की हलायचे नाहीत (ते पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत). लाँगोला बुदव्हिल म्हणून वाडी आहे तिथे जुन्या वीटभट्टीत म्युझियम केलंय, ब्रिकेतरी म्हणतात. त्यात विटा कशा पाडायच्या, ती रेल्वे, इथले भाजीवाले शेतकरी असं सगळं आहे. भाजीचा मळा हा लाँगोचा मूळ धंदा बरं का. मला ते म्युझियम फार आवडलं कारण त्यात राजे-महाराजे नाहीत, विटा पाडणारी आणि कांदे उपटणारी माणसं आहेत.

आणि बुधवारी नाहीतर शनिवारी सकाळी सँ ब्रियोला कॅथेड्रलभोवती बाजार भरतो तो चुकवू नका. ते कॅथेड्रलही बघा, चर्चपेक्षा किल्ल्यासारखं जास्त दिसतं, जाड बुरूज, बारीक फटीसारख्या खिडक्या. गावाचं नाव फ्रेंचमध्ये लिहितात तेव्हा शेवटी एक अक्षर जास्तीचं असतं, ते उच्चारायचं नाही. मी पहिल्यांदा सँ ब्रियोक म्हटलं तर तिकीट खिडकीवरच्या बाईंना कळेचना!

प्रश्न : मी रत्नागिरीचा, आयुष्य समुद्राकाठी गेलं. तुम्ही मागच्या अंकात उधाणाबद्दल ओझरतं लिहिलंत. आमच्याकडच्या आणि तिकडच्या भरतीत असा कितीसा फरक असणार? आणि ओहोटीला आत चालत जाता येतं का? आम्ही अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जातो तसं? (एक काका)

काका, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण हा प्रश्न समुद्र माहीत असलेलाच माणूस विचारणार. फरक खूप आहे. आपल्याकडे मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तिथे मोठ्या उधाणाला तो १२ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे चार मजली इमारत बुडेल एवढं पाणी सहा तासात येतं आणि सहा तासात जातं. असं का, तर अटलांटिकची भरती इंग्लिश खाडीत शिरते, ती खाडी अरुंद आहे, आणि पुढे नॉर्मंडीचं कोताँताँ नावाचं द्वीपकल्प हात आडवा घातल्यासारखं उभं आहे. पाण्याला पुढे जायला जागा नाही, मग ते ब्रिटनीच्या या कोपऱ्यात चढतं. त्यात उपसागराचा तळ अगदी उथळ, ताटासारखा, म्हणून उतरताना ते इतकं लांब जातं.

आणखी एक गंमत तुम्हाला लगेच कळेल. आपल्याकडे पुनवेला अवसेला भरदुपारी बाराच्या सुमाराला भरती असते ना? तिथे उलटं. उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी, आणि मोठी ओहोटी दुपारी. म्हणजे पाणी सगळ्यात लांब जातं ते भर उजेडात, जेवून निघालं तरी चालतं. फ्रेंच लोक तिथीवर न जाता एक आकडा वापरतात, कोएफिसियाँ, २० ते १२० पर्यंत. २० म्हणजे अगदी भांग, ७० म्हणजे मध्यम, आणि शंभराच्या पुढे गेला की मोठं उधाण, त्या दिवशी म्हातारे-कोतारे सगळे बादल्या आणि खुरपी घेऊन खाली उतरतात. आकड्यांची छोटी पुस्तिका मिळते, टुरिस्ट ऑफिसात किंवा पेपरच्या दुकानात. फक्त एक बघून घ्या, काही पुस्तिकांत हिवाळ्याची वेळ छापलेली असते, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. ही चूक समुद्रावर महागात पडेल.

आता आत चालत जाण्याचं. कुलाबा किल्ल्यासारखं नाही काका, कृपा करून तसं समजू नका. अलिबागला वाट ठरलेली आहे, माणसं असतात, घोडागाडी असते. इथे वाटच नाही. वाळू वरून सपाट दिसते पण मध्ये ओहोळ आहेत, आणि भरती येताना पाणी आधी त्या ओहोळांतून तुमच्या मागे शिरतं, समोर समुद्र अजून लांब दिसत असतो आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी झालेलं असतं. मऊ चिखलात पाय रुतला तर निघत नाही. धुकं आलं तर काठ कुठला तेच कळत नाही. म्हणून गाइडबरोबरच जायचं. शेजारच्या इलियों गावात मेझों द ला बे म्हणजे उपसागराचं घर आहे, तिथले गाइड ओहोटीला घेऊन जातात, अनवाणी किंवा जुने बूट घालून, दोन-तीन तास. मी गेले होते. त्या मुलीने वाळूत एक फावडं मारलं आणि त्यात किडे, शिंपले, चिंबोऱ्यांची पिल्लं असं काय काय निघालं ते सांगितलं, म्हणाली वरून वाळवंट दिसतं ना, खाली ताट वाढलेलं आहे, म्हणून तर पक्षी येतात. अडचणीत सापडलात तर समुद्रावरच्या मदतीचा फोन १९६, नाहीतर ११२ कुठूनही.

शिंपल्या गोळा करणाऱ्यांना मी तास तास बघत बसायचे. आपल्या तिसऱ्यांसारख्या कोक नावाच्या शिंपल्या, दाताळ्याने वाळू ओढून काढतात. पण मनाला येईल तेवढ्या नाही घ्यायच्या, किती घ्यायच्या आणि केवढ्या आकाराच्या घ्यायच्या याचे नियम आहेत, पाणी खराब असेल तर पाटी लागते की आज बंद. शिनाणे मात्र तिथे लागवडीचे असतात, इलियोंच्या पुढे वाळूत लाकडी खांबांच्या रांगाच रांगा रोवलेल्या, त्यांना बुशो म्हणतात, खांबाला शिनाणे लगडलेले असतात. ओहोटीला ट्रॅक्टर समुद्रात जातात ते काढायला. मला वाटतं हे दृश्य तुम्हाला कॅथेड्रलपेक्षा जास्त आवडेल.

हिवाळ्यात जाणं झालं तर पक्षी बघा. १९९८ पासून तो भाग राष्ट्रीय अभयारण्य आहे, ११०० हेक्टरच्या वर, आणि सैबेरियाच्या टुंड्रातून काळसर छोटे हंस येतात, बेर्नाश म्हणतात त्यांना, ऑक्टोबरपासून पुढे. ओरडतात इतकं की घरात ऐकू येतं.

प्रश्न : इंटरनेटवर वाचलं की तिथल्या किनाऱ्यावर हिरवं शेवाळ सडतं आणि त्याचा गॅस विषारी असतो. माझ्या मिस्टरांना दमा आहे. घाबरायचं कारण आहे का? की उगाच बातम्या? (कोल्हापूर)

ताई, उगाच बातम्या नाहीत. घाबरू नका पण गंभीरपणे घ्या. तिथे टुरिझमवाले लोक यावर हळू बोलतात, म्हणून मी मोकळं लिहिते.

समुद्रात उल्व्हा नावाचं हिरवं शेवाळ असतं, लेट्यूसच्या पानासारखं दिसतं. ताजं असताना त्याने काही होत नाही. पण १९७० च्या दशकापासून ते बेसुमार वाढायला लागलं, कारण नद्यांतून येणारं नायट्रेट. ब्रिटनीत फ्रान्समधली निम्म्याहून जास्त डुकरं पाळली जातात, शिवाय कोंबड्या, गाई. त्यांचं मलमूत्र आणि खतं शेतात, शेतातून ओढ्यात, ओढ्यातून उपसागरात. उपसागर उथळ, पाणी उन्हाने लवकर कोमट होणारं, मग शेवाळाला आणखी काय पाहिजे. तुम्ही कोल्हापूरच्या म्हणून सांगते, पंचगंगेत जलपर्णी का माजते ते तुम्हाला माहितीये, कारण अगदी तेच. ते शेवाळ किनाऱ्याला थर लागून पडतं, वरून सुकून पांढरी खपली धरते आणि आत हवा न लागता सडतं, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. खपली पायाने फुटली की एकदम बाहेर येतो. २००९ मध्ये सँ मिशेल आं ग्रेव्हच्या किनाऱ्यावर एक घोडा यात मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये सँ ब्रियोच्या उपसागरात गुएसाँ नदीच्या मुखाशी तीसच्या वर रानडुकरं मेली, आणि तिथेच २०१६ मध्ये पळायला गेलेला एक माणूस गेला. त्याच्या घरचे वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि जून २०२५ मध्ये नांतच्या अपील कोर्टाने सरकारला त्यात अंशतः जबाबदार धरलं. त्या कुटुंबाबद्दल मला फार आदर वाटतो.

तर तुम्ही काय करायचं? साधारण मे ते सप्टेंबर हा त्याचा मोसम. रोज पाहणी होते, किनाऱ्यावर पाटी लावतात, बंद म्हटलं की बंद, मग समोर कोणी फिरताना दिसलं तरी जायचं नाही. वास आला की मागे फिरा. शेवाळावर, विशेषतः पांढऱ्या खपलीवर पाय ठेवायचा नाही, नदीच्या मुखाशी चिखलात उतरायचं नाही, कुत्रा असेल तर सोडायचा नाही. दमा असताना मी तर उन्हाळ्यात मिस्टरांना खाली वाळूवर नेणारच नाही, वरच्या पायवाटेने किंवा प्लेरँच्या बाजूला पुआँत द्यु रोझलिए म्हणून उंच टोक आहे तिथे न्या. वारा स्वच्छ, सगळा उपसागर खाली दिसतो, आणि तोफेचे गोळे तापवून लाल करायची एक जुनी भट्टी तिथे अजून उभी आहे, शत्रूच्या लाकडी जहाजांना आग लावायला हो! आणि डॉक्टरांना विचारून, पंप खिशात.

बहिणीचे शेजारी मूळ शेतकरी घरातले आहेत, त्यांच्याशी यावर बोलताना मला जपून बोलावं लागायचं. त्यांचं म्हणणं, साठ वर्षांपूर्वी ब्रिटनी गरीब होती, सरकारनेच सांगितलं उत्पादन वाढवा, आम्ही वाढवलं, कर्ज काढली, आता सगळा दोष आमचा? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण सडणारं शेवाळ तर खरं आहे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. दोन महिने ब्रेड-बटरवर काढायचे का? काय काय बांधून न्यायचं? (नाशिक)

अहो अंडं चालतं म्हणजे निम्मं काम झालं! तिथलं मुख्य खाणं गालेत, म्हणजे बकव्हीटचं, आपण ज्याला कुट्टू म्हणतो त्या पिठाचं पातळ धिरडं. पीठ, पाणी, मीठ, बस. बीलिग नावाच्या गोल लोखंडी तव्यावर लाकडी फिरकीने पसरवतात, बघतच राहावं. हॉटेलात कोंप्लेत मागितलं तर त्यात अंडं, चीज आणि हॅम म्हणजे डुकराचं मांस येतं, तेव्हा आधीच सांगायचं, सां व्हियांद, सां पुआसाँ, मांस नको, मासे नको. मशरूम, कांदा, पालक, चीज घालून मस्त देतात. एकच, जुन्या पद्धतीच्या ठिकाणी तवा डुकराच्या चरबीने पुसतात, त्याला सँदू म्हणतात. तुम्ही काटेकोर असाल तर विचारा, कोणी रागावत नाही. नाहीतर घरी करा, पीठ सगळ्या सुपरमार्केटात मिळतं, आपल्या बिडाच्या तव्यावर झकास होतं.

आणि आता ऐका, त्या धिरड्याबरोबर ते लोक काय पितात, ताक! ले रिबो म्हणतात, दुकानात बाटलीत मिळतं. मी पहिला घोट घेतला आणि मला माझ्या आजीचं घर आठवलं. थोडं दाट असतं, पाणी घालून, जिरं मीठ लावून मठ्ठा होतो. त्याचीच कढी केली आम्ही. लोणी मात्र तिथे खारट, कारण जुन्या काळी बाकी फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता आणि ब्रिटनीला माफ होता, म्हणून इथे लोण्यात मीठ घालायची चैन परवडायची, ती सवय आजही आहे. चहाबरोबर कुइन्यामान खाऊन बघा, निव्वळ लोणी-साखरेचे थर.

जुलैअखेर ते ऑक्टोबर गेलात तर कोको द पेंपोल म्हणून ओले दाणे मिळतात, शेंगांसकट, पांढरे, पावट्यापेक्षा मऊ. हाताने तोडतात अजून, १९९८ पासून त्याला सरकारी नामांकन आहे. भिजवायला लागत नाही. बहीण गोडा मसाला घालून त्याची उसळ करते आणि शेजारणीला डबा देते, तर ती शेजारीण आता शेंगा आणून हिच्याकडेच देते!

बांधून न्यायचं तर गोडा मसाला, मेतकूट, जाडे पोहे, साबुदाणा, डाळींचं पीठ. तूप, पेढे, खवा, बासुंदीची पाकिटं काही नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर पकडलं तर टाकून देतात. साजूक तुपाची हळहळ मी बघितलेय. तिथलं बिनमिठाचं लोणी आणून कढवा, तूप उत्तम होतं.

प्रश्न : मुलाकडे राहणार असू तर व्हिसासाठी हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं का? (ठाणे)

नाही काका. घरी राहणार असाल तर मुलाने त्याच्या गावच्या मेरीत स्वतः जाऊन आतेस्तासियों दाक्यय म्हणजे पाहुणे ठेवून घेतो असा दाखला काढायचा. घराचे कागद, पगाराचे कागद, तुमच्या पासपोर्टची माहिती, तारखा. ३० युरोचा स्टॅम्प लागतो, दाखला नाकारला तरी ते पैसे परत येत नाहीत. मूळ प्रत कुरिअरने तुमच्याकडे यायला हवी, ती व्हिसा अर्जाला जोडायची. मेरीला काही ठिकाणी अपॉइंटमेंट उशिरा मिळते म्हणून दोन-तीन महिने आधी हलवा त्याला. बाकी नेहमीचं, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, फी मोठ्या माणसाला सध्या ९० युरो. पॅरिसमध्ये मोंपारनास स्टेशनला जाऊन टीजीव्ही म्हणजे तिकडची वेगवान रेल्वे पकडा, सव्वादोन-अडीच तासात सँ ब्रियो. २०१७ ला रेन शहरापर्यंतची नवी लाइन झाली म्हणून एवढं जवळ आलं. तिकीट लवकर काढलं तर खूपच स्वस्त पडतं.

प्रश्न : मी सायकलिंग करतो, १९ वर्षांचा आहे. इफिनियाक म्हणजे बर्नार इनोचं गाव ना? (पुणे)

हो रे बाळा, तेच! १९५४ चा जन्म, इफिनियाकचा. पाच वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली, १९७८, ७९, ८१, ८२ आणि ८५, आणि तुला माहीतच असेल की १९८५ नंतर आजवर एकाही फ्रेंच पुरुषाने ती जिंकलेली नाही. मला सायकलिंगमधलं कळत नाही, पण त्या गावात राहिल्यावर एक कळलं, उपसागराच्या काठावरून वर गावात यायचं तर चढच चढ, वारा समोरून, आणि पाऊस कधीही. तिथल्या पोराला रोज शाळेत सायकलने जाताना आपोआप तयारी होत असणार. त्याला ब्लेरो म्हणजे बिज्जू म्हणायचे, कोंडीत पकडला की चावणारा. रिटायर झाल्यावर तो परत याच भागात येऊन शेती करायला लागला, हे मला त्याच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा आवडतं. तू गेलास तर सायकल भाड्याने घे आणि इलियोंहून एर्कीच्या गुलाबी कड्यांपर्यंत जा, आतल्या छोट्या रस्त्यांनी, हायवेने नको.

प्रश्न : लेखक आल्बेर काम्यूच्या वडिलांची कबर सँ ब्रियोला आहे असं वाचलं. जाता येतं का? (निवृत्त प्राध्यापक, पुणे)

सर, जाता येतं. सँ मिशेल नावाचं कब्रस्तान आहे, शहरातच, त्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचा वेगळा भाग आहे. ल्युसियाँ काम्यू अल्जीरियाहून लढायला आलेले, मार्नच्या लढाईत जखमी झाले, त्यांना इथल्या लष्करी दवाखान्यात आणलं आणि ११ ऑक्टोबर १९१४ ला ते गेले. वय २८. मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता. पुढे १९४७ मध्ये मुलगा त्या कबरीशी आला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता, म्हणजे बापापेक्षा मुलगा मोठा. या जाणिवेचा प्रसंग त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत आहे, १९६० मध्ये अपघातात तो गेला तेव्हा तिचं हस्तलिखित त्याच्याजवळ होतं, छापली गेली ती १९९४ ला.

मी तिथे गेले तेव्हा बारीक पाऊस होता. सगळ्या कबरी सारख्याच, एका उंचीच्या, नोबेल मिळालेल्या लेखकाचा बाप म्हणून काही मोठी समाधी नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले, आज मी त्यांच्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. छत्री मिटून उभी राहिले, बाकी काय करणार. सर, तुम्ही जाल तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवून जा, आणि दार कधी बंद होतं ते फाटकावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या.

प्रश्न : सासूबाईंना बरोबर नेतोय, वय ७६. त्यांना माणसांत राहायची सवय. तिथे म्हणे रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्या कंटाळतील का? भाषा येत नाही. (सांगली)

ताई, रविवारचं खरं आहे. दुपारनंतर दुकानं बंद, बसेस अगदी कमी. एकदा मी वेळापत्रक न बघता रविवारी सँ ब्रियोला गेले आणि परतीच्या बसला अडीच तास थांबले, तेव्हा टीयूबीचं म्हणजे तिथल्या सिटी बसचं रविवारचं वेगळं वेळापत्रक आधी बघून ठेवा. रोजसुद्धा जेवणाची वेळ बारा ते दोन, दोननंतर हॉटेलात गेलात तर हात हलवत परत. पण कंटाळतील का, तर मला नाही वाटत, फक्त त्यांना एक शब्द शिकवा. बोंझूर. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, पायवाटेवर समोरून कोणी आलं तरी, आधी बोंझूर मग बाकी. न म्हणता एकदम काही मागितलं तर ते लोक दुखावतात, आणि म्हटलं की चेहरा खुलतो.

माझी आई ७४ ची असताना आली होती, नऊवारीत. तिला मराठीशिवाय काही येत नाही. बहिणीची ती शेंगावाली शेजारीण ऐंशीची, तिची आजी घरात गालो बोलायची, ब्रिटनीच्या या पूर्वेकडच्या भागातली जुनी बोली, शाळेत गेल्यावर पोरांना ती बोलायची लाज वाटायला लावायचे, तसं तिने आम्हाला सांगितलं. पाट्यांवर तुम्हाला फ्रेंचखाली ब्रेतों भाषेत गावाचं नाव दिसेल, इफिनियाकचं इल्फिनिएग, पण या भागातली घरातली बोली गालोच. तर या दोघी म्हाताऱ्या रोज चारच्या सुमाराला बागेत शेंगा सोलत बसायच्या, ही मराठीत ती फ्रेंचमध्ये, आणि दोघींना सगळं कळायचं. गुडघे, सुना, भाव. आईने तिला भरतकामाचा टाका दाखवला, तिने आईला तिच्या आजीची लेसची टोपी पेटीतून काढून दाखवली.

जूनमध्ये तिथे रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. सासूबाईंसाठी एक घडीची खुर्ची आणि एक शाल गाडीत ठेवा, वारा गार असतो. पुस्तिकेत भरतीची वेळ बघा, नऊच्या आसपासची मिळाली तर जेवणं उरकून त्यांना किनाऱ्याच्या वरच्या वाटेपर्यंत न्या, गाडी जवळ जाते. पाणी येण्याच्या तासभर आधी पोचा. आधी लांबवर एक रुपेरी रेघ दिसेल, मग ओहोळ भरायला लागतील, पक्षी एकेक टप्पा काठाकडे सरकतील, आणि आवाज होत नाही हो त्या पाण्याला, लाटाच नसतात तिथे, नुसतं येतं. आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या.